चालत्या घरात वाकळ शिवायची तर

तुमची गाडी तयार आहे, झोपायची फळी, ओटा, पाण्याची टाकी बसून झाली आहे आणि आरटीओत मोटार कॅरव्हॅन म्हणून नोंदही झाली आहे, असं धरून चालते. नोंद झाली नसेल तर हे वाचन बाजूला ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. परवानगीविना केलेला फेरफार तिथंच अडतो.

आम्ही दोघं चार वर्षं ट्रॅव्हलरमध्ये, म्हणजे मिनीबसच्या केलेल्या घरात, राहतोय. आतली जागा साडेदहा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या बाजूला, उन्हाळ्यात माहूरच्या डोंगरात, पावसाळ्यात लातूरला लेकीच्या दारात. यांना पक्षी बघायचा नाद, मला वाकळा शिवायचा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. गाडी करून घेतली तेव्हा जो तो एकच सांगायचा: भिंतीला कप्पे करा आणि घडीचं टेबल लावा. केले की कप्पे, चांगले नऊ केले. पहिल्या वर्षात एकही वाकळ पुरी झाली नाही. कापड एका कप्प्यात, दोरे दुसऱ्यात, सुया तिसऱ्यात, आणि मी ओट्याला टेकून उभी.

आधी पसारा मोजा

छंदाचा डबा केवढा आहे हे मोजून काही कळत नाही. घर सोडायच्या आधी सगळं सामान एकदा काढा, खरोखर कामाला बसल्यासारखं मांडा आणि टेप लावून त्याचा पसारा मोजा. मग घड्याळ बघून आवरा. मांडणं-आवरणं मिळून पंधरा मिनिटांच्या वर जात असेल, तर रोजचा छंद म्हणून ते गाडीत टिकत नाही. कारण पसारा तसाच ठेवून उठता येत नाही. त्याच जागेवर जेवायचं, त्याच जागेवर झोपायचं.

यांचा पसारा म्हणजे दुर्बीण आणि वही. ड्रायव्हरच्या सीटमागं खुंटी ठोकली, विषय संपला. जायकवाडीचं पक्षी अभयारण्य १९८६ चं. थंडीत तिकडं रोहित (फ्लेमिंगो) येतात, पट्टकदंब हंस येतात. त्यांच्यासाठी गाडीत कप्पा लागत नाही, पहाटे उठावं लागतं.

माझा पसारा पावणेसात फूट बाय पावणेचार फूट. आणि आमच्या पलंगाशेजारचा बोळ २० इंच.

जड वस्तू खाली, नाजूक वस्तू सावलीत

जड सामान पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, अगदी तळाशी ठेवा. मागच्या चाकांच्याही मागं ठेवलेली वस्तू प्रत्येक खड्ड्यात उसळून आपटते, आणि आपल्याकडं खड्ड्यांना तोटा नाही. छताखालच्या माळ्यावर फक्त कापड. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात, तेव्हा पत्र्याखालचा तो माळा म्हणजे भट्टी. यांची पेटी पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिथं चढवली होती. भात्याची चिकटवण सुटली आणि पेटी सूर सोडून नुसती फुसफुसायला लागली. ती आता लेकीकडं असते, नातू वाजवतो.

शिलाई मशीन घ्यावी का, असं बायका विचारतात. घेऊ नका. इन्व्हर्टरवर चालते, मान्य. पण तिचं वजन, तिचा थरथराट, आणि ती ठेवायला परत जागा! हातशिलाईला वीज लागत नाही.

थर अंथरणं

इथं मी दीड वर्ष अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते. वाकळीचं सगळं भलं-बुरं थर अंथरताना ठरतं. शिवणं हात बसला की होतं. पण थर सपाट पडले नाहीत तर पहिल्या धुण्यातच आत गोळे होतात आणि वाकळ पाठीला टोचते. घरी आई ओसरीवर अंथरायची, चार बाया चार कोपऱ्यांना बसायच्या. गाडीत ओसरी नाही आणि बायाही नाहीत.

आधी मी पलंगाच्या गादीवरच अंथरून बघितलं. ही चूक सगळे करतात, कारण तीच एक मोठी जागा समोर दिसते. गादी दबते. आपण गुडघा टेकला की खालचा थर खेचला जातो, वरचा जागेवर राहतो, आणि कळतं कधी, तर शिवून उलटं केल्यावर. अख्खी वाकळ उसवली मी, नळदुर्गच्या मुक्कामात, तीन दिवस.

मग बाहेर ताडपत्री टाकून बघितलं, नाथसागराच्या काठी. दुपारी पाण्यावरून वारा सुटला आणि वरचं लुगडं बाभळीत जाऊन अडकलं. ते निघालं, पण थरांमधे कुसळं शिरली ती निघाली नाहीत. आतलं कुसळ हाताला लागत नाही, झोपल्यावर बरोबर लागतं. तेव्हा उघड्या रानात अंथरणं नाही, कितीही छान सावली दिसो.

एकदा अंबाजोगाईच्या बाजूला एका देवळाच्या सभामंडपात अंथरलं. एक म्हातारी जवळ आली. ‘काय करायलीस गं माय?’ म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता कोपरा धरून बसली. तिच्या मागं आणखी दोघी. अर्ध्या तासात थर लागले. पण आरतीची वेळ झाली आणि पुजारीबुवांनी सगळं उचलायला लावलं, कच्चे टाके निम्मेच झालेले. मिळालेला हात जरूर घ्या, मात्र त्याच्या भरवशावर काम काढू नका.

शेवटी जागा सापडली ती गादीच्या खाली. पलंगाची प्लायची फळी ६ फूट बाय ४ फूट. गादी उचलून पुढच्या सीटांवर उभी केली की गाडीतला सगळ्यात मोठा, सगळ्यात कडक, सपाट पाट मोकळा होतो. हे सुचायला दीड वर्ष लागलं याची मला अजून लाज वाटते. फळी अजून बसवायची असेल तर सुताराला दोन गोष्टी बजावून सांगा. भिंतीकडून दोन बोटं फट ठेव, म्हणजे त्या बाजूलाही चिमटा लावता येतो. आणि कडा पॉलिश पेपरने घासून दे, नाहीतर जुनं लुगडं अडकून फाटतं. आमच्या सुताराने फळी भिंतीला चिकटवून ठोकली होती. ती काढून परत बसवायचे वेगळे पैसे गेले.

आता माप. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचे चार थर झाले, रुंदी साधारण पावणेचार फूट. फळीवर रुंदी बरोबर बसते. वरून-खालून एकेक थर हवा, त्यासाठी सहावारी साडी मधोमध फाडा: ९-९ फुटांचे दोन तुकडे. जास्तीचं कापून कडेच्या पट्टीला ठेवा. एकूण सहा थर. याहून जास्त घालू नका, हाताची सुई जात नाही. आणि सगळं सुती. सिंथेटिक साडी दिसायला कितीही चांगली असो, ती थरांत सरकते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. ‘वापरून टाकायची म्हणून’ कुणी दिली तरी घेऊ नका.

अंथरायच्या आधी परातीत दोन बोटं पाणी घेऊन फळीवर ठेवा. पाणी एका कडेला जात असेल तर त्या बाजूच्या चाकाखाली लाकडी ठोकळा. तिरक्या गाडीत थर उताराकडं सरकतात, अगदी बोटभरच, पण सहा थरांचं बोटभर म्हणजे विचारू नका. हँडब्रेक ओढा. हे काम पहाटे करा, हाताला घाम नसताना. त्या दोन तासांत चहा करायचा नाही, कुणी गाडीत चढायचं नाही. यांना मी दुर्बीण देऊन बाहेर काढते.

खालचा थर टाकून कडेला मोठे काळे क्लिप लावा, कागदांच्या गठ्ठ्याला लावतात ते. कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे आपल्या उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. मग एकेक थर, प्रत्येकावर तळहात मधून कडेकडं फिरवत. लांबी फळीपेक्षा पाऊण फूट जास्त भरते. तेवढं पायथ्याकडं काठीला गुंडाळून ठेवा, ६ फूट टाचून झाले की वर ओढून घ्या.

कच्चे टाके वीत-वीत अंतरावर, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. सुरुवात मधून. यावर माझं आणि माझ्या मावशीचं भांडण आहे. ती म्हणते, वाकळ कडेपासून मधे जाते. धावदोऱ्याचं ते खरं आहे, ओसरीवर चौघी चार बाजूंना बसल्या असतील तर. पण एकटीने, फळीवर, कच्चे टाके कडेपासून घातले की सगळी चुणी मधे येऊन बसते आणि तिला बाहेर जायला वाटच राहत नाही. मधून निघालं की चुणी कडेला जाते. तिथं क्लिप सोडायचा, कापड ओढायचं, क्लिप परत लावायचा.

धावदोरा

कच्चे टाके पक्के झाले की गाडीतली अडचण संपली. वाकळ दोन्ही टोकांकडून गुंडाळा, दीड फूट उघडी ठेवा, मांडीवर घ्या आणि एका टोकाकडून ओळीने शिवत जा. आईसारखं गोल गोल फिरत मधे येणं इथं जमत नाही. गाडी चालू असताना सुई हातात नको.

सुया

सुया मोजून ठेवा. माझ्या सात आहेत. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक ओट्याच्या बाजूला स्क्रूने बसवलंय, त्याला सातही चिकटलेल्या दिसल्याशिवाय गादी परत टाकायची नाही. एकदा सहाच दिसल्या आणि मी ‘असेल इथंच’ म्हटलं. ती औंढा नागनाथला यांच्या टाचेत सापडली. तेव्हापासून सुई हरवली की जेवण, झोप, पुढचा गाव सगळं थांबतं. चुंबक स्क्रू काढून, दोरीला बांधून फळीच्या फटीतून फिरवायचं.

धुणं

पहिलं धुणं गाडीच्या पाण्यावर करू नका. आमची टाकी ८० लिटरची, एका वाकळीत रिकामी होते, आणि भिजलेली वाकळ दोघांनाही उचलत नाही. लेकीच्या नळावर धुते मी. कच्चे टाके मात्र धुवायच्या आधी उसवून काढायचे. ओल्या कापडात ते आवळतात आणि मग ओढताना धावदोराही तुटतो.