देवनागरी अक्षरांना इफेक्ट देताना या चुका टाळा

गणपती, टेंभी नाक्याचं नवरात्र, पाडव्याची स्वागतयात्रा... ठाण्यात वर्षभर कुठे ना कुठे फ्लेक्स लागतच असतो आणि त्यावर सोनेरी, उठावाची अक्षरं हवीच असतात. ही अक्षरं खराब दिसली की दोष इफेक्टला दिला जातो. पण बिघाड बहुतेक वेळा आधीच, शिरोरेषेत किंवा जोडाक्षरात झालेला असतो. बेव्हल (उठावाची कड) आणि स्ट्रोक (अक्षराभोवतीची रेघ) लावल्यावर तो लांबूनही दिसू लागतो, एवढंच. इथले मेनू फोटोशॉपचे आहेत, गिम्प या मोफत प्रोग्रामबद्दल शेवटी.

अक्षर जुळण्याआधीच सजावट

वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, ‘शुभेच्छा’मधला च मोडून हलन्त दिसू लागला, तर फॉन्ट बदलत बसू नका. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. जुन्या आवृत्त्यांत याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं सापडेल. मग नवी फाइल उघडा. आधीच टाइप केलेला मजकूर तरीही सुधारला नाही, तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून त्या लेयरला वर्ल्ड-रेडी कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) द्या.

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर मुक्ता किंवा बलूसारखा युनिकोड फॉन्ट निवडताच त्याची निरर्थक चिन्हं होतात. तिथे मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो.

‘ऱ्य’ मात्र नीट तपासा. ‘तिसऱ्या वर्षी’ लिहिताना साधा र, हलन्त आणि य दिला, तर ‘तिसर्या’ होतं. ऱ, म्हणजे खाली टिंब असलेला र, घेऊन मग हलन्त आणि य द्या. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांत माणसंच बदलतात. दहा फुटी फ्लेक्सवर ही चूक अख्खं गाव वाचतं. फॉन्टमधला ल पाकळीचा आणि श देठाचा आहे ना, तेही याच वेळी पाहा. मराठी वाचकाच्या डोळ्याला हिंदी वळणाचे ल-श लगेच खटकतात.

तुटलेली शिरोरेषा

इंग्रजी अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) ५० किंवा १०० देतात. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषेला फटी पडतात. वर बेव्हल लावला तर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र कड येते आणि शब्द विटांसारखा दिसतो. ट्रॅकिंग शून्य ठेवा, कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर) ‘ऑप्टिकल’ऐवजी ‘मेट्रिक्स’ करा. मोकळेपणा हवाच असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या.

कमानीत लिहिताना मजकूर पाथवर, म्हणजे आखलेल्या वाकड्या रेषेवर, टाकू नका. पाथवर प्रत्येक अक्षर स्वतः सरळच राहतं, फक्त तिरकं फिरतं. कमान वर फुगलेली असेल तर अक्षरांचे पाय जवळ राहतात, डोकी फाकतात, आणि आपली जोडरेषा नेमकी डोक्यावर असते. म्हणून दर दोन अक्षरांत त्रिकोणी फट दिसते. ‘वॉर्प टेक्स्ट’मधला ‘आर्क’ घेतला तर रेषाच वाकते, तुटत नाही. बेंड १५ ते २० टक्के पुरे. वॉर्प लागतच नसेल तर कॅरेक्टर पॅनलमध्ये ‘फॉ बोल्ड’ (कृत्रिम ठळकपणा) चालू आहे का बघा. तो चालू असताना फोटोशॉप वॉर्प करू देत नाही. तसाही फॉ बोल्ड नकोच. तो अक्षराला सगळीकडून फुगवतो आणि ‘भ’, ‘ध’ यांच्या गाठी बुजवतो. फॉन्टचं स्वतःचं ठळक वजन वापरा.

स्ट्रोक जास्त

‘हार्दिक’मधला ‘र्दि’ पडद्यावर मोठा करून पाहा. वेलांटीची कमान आणि रफार अगदी चिकटून असतात. अक्षर ४०० पिक्सेल उंच असेल तर बाहेरचा स्ट्रोक १२ ते १६ पिक्सेलवर थांबवा. ३० केला की ती जागा भरून तिथे नुसता गोळा उरतो. स्ट्रोकची पोझिशन ‘आउटसाइड’च ठेवा, ‘सेंटर’ने अर्धी जाडी अक्षराच्या आत जाते.

दुहेरी बॉर्डरसाठी स्ट्रोकशेजारच्या अधिक चिन्हाने दुसरा स्ट्रोक घ्या. यादीत बारीक वर, जाड खाली. उलट लावला तर बारीक स्ट्रोक झाकला जातो आणि दुसरा लागलाच नाही असं वाटतं.

एकाच फ्लेक्सवर दोन सोनेरी

ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये (अक्षरावर चढवलेली बदलती रंगछटा) ‘अलाइन विथ लेयर’ चालू असताना ग्रेडियंट मजकुराच्या पूर्ण उंचीवर पसरतो. ‘नगर’ शब्दात वर काहीच नाही, म्हणून शिरोरेषा ग्रेडियंटच्या सुरुवातीलाच येते. ‘ठाणे’ला मात्रा आहे, तिथे तीच रेषा बरीच खाली, वेगळ्या रंगात पडते. टक्केवारी सारखी असूनही दोन ओळी वेगळ्या दिसतात त्या यामुळे. लेयर स्टाइलची खिडकी उघडी असताना ग्रेडियंट कॅनव्हासवर माउसने वरखाली ओढता येतो. दोन्ही ओळींत उजळ पट्टा शिरोरेषेवर येईल असा बसवा. सावलीसाठी ‘यूज ग्लोबल लाइट’ सगळीकडे चालू ठेवा, म्हणजे एका ओळीची सावली डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे पडणार नाही.

छपाईला देताना

१० बाय ३ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ८६४० बाय २५९२ पिक्सेल होतो. छोट्या फाइलवर काम करून शेवटी आकार वाढवणार असाल, तर ‘इमेज साइझ’मधल्या गिअरखालचं ‘स्केल स्टाइल्स’ चालू हवं. ते बंद असेल तर अक्षर चौपट होतं आणि स्ट्रोक १४ पिक्सेलचाच राहून दोऱ्यासारखा दिसतो. कंट्रोल-टीने मोठं केलेल्या अक्षरालाही हेच होतं. तिथे लेयर स्टाइलच्या मेनूतलं ‘स्केल इफेक्ट्स’ वापरा.

आरजीबीतली (पडद्याच्या रंगांतली) चमक लेयरसकट सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगांत) नेली की ग्लो मळकट पडतो, कारण ब्लेंडिंगचं गणितच बदलतं. फाइलची प्रत काढा, ती फ्लॅटन करा (सगळे लेयर एक करा) आणि मग सीएमवायकेमध्ये बदला. प्रेसला लेयरची फाइलच हवी असेल तर मजकुरावर ‘कन्व्हर्ट टू शेप’ करा. इफेक्ट तसेच राहतात आणि तुमचा फॉन्ट तिथे नसला तरी अक्षर बदलत नाही. मूळ फाइल वेगळी जपा, आयत्या वेळी पाहुण्यांचं नाव बदलतंच.

गिम्पमध्ये देवनागरीची जुळणी आपोआप होते. पण २.१० मध्ये ड्रॉप शॅडो लावताच मजकूर चित्र बनतो, म्हणून आधी लेयरची डुप्लिकेट काढून ठेवा. २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये फिल्टर नंतरही बदलता येतात आणि अक्षराला आउटलाइन थेट मजकुराच्या पर्यायांतून देता येते.