जुनी गिटार दुरुस्त करायलात? आधी ते फेविक्विक खाली ठेवा

परभणीत माझ्याकडं महिन्याला दोन-चार तरी जुन्या गिटारी येतात आणि खरं सांगू का, त्यातल्या निम्म्या मुळात बिघडलेल्या नसतातच, त्या "दुरुस्त" केलेल्या असतात. कुणाच्या काकाची कॉलेजातली, कुणी भंगारवाल्याकडून आठशेला उचललेली, एक तर माळवदाच्या घरात कापसाच्या गाठोड्यामागं पंधरा वर्षं पडलेली. मालक उत्साहात दोन व्हिडिओ बघतो, रात्री साडेदहाला काम सुरू करतो आणि सकाळी मला फोन, "दादा, थोडंसं काम हाय, चिकटवायचंय फक्त." हे "फक्त" ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

मी काही मोठा कारागीर नाही. पेटी-तबल्याचं काम करणाऱ्या एका मामांच्या दुकानात बसून बसून हात वळला, बाकीचं चुका करून शिकलो. मामांची एक सवय होती, पेटी आली की दोन दिवस तिला हातच लावायचे नाहीत, येता-जाता नुसतं बघायचे, मधूनच एखादी पट्टी दाबायचे. मला वाटायचं काय आळशी माणूस आहे. आता मीच तसं करायलो आणि गिऱ्हाईक मला आळशी म्हणायलेत.

तर पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक. ब्रिज उचलला की फेविक्विक. ब्रिज म्हणजे गिटारीच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिथं तारा अडकवतात. सहा स्टीलच्या तारा सुरात असल्या की त्यांची मिळून साधारण ७० किलोची ओढ असते, म्हणजे एक धडधाकट गडी चोवीस तास त्या पट्टीला लोंबकळतोय असं समजा, आणि पट्टी बहुतेक गिटारींत नुसत्या डिंकावर टिकून असते. मे महिन्यात गिटार गाडीत नाहीतर पत्र्याच्या खोलीत राहिली की डिंक ढिला पडतो, ब्रिज मागच्या कडेनं उठायला लागतो. त्या कडेखाली कागद सरकवून बघायचा, आत गेला तर काम लागलं.

माझी पहिली गिटार अशीच उठलेली होती. ताईची हळद दुसऱ्या दिवसावर आणि मला मांडवात वाजवायची खाज. दोन ट्यूब फेविक्विक ओतलं, वर आईचा पाटा ठेवला, तासाभरानं तारा चढवल्या, सूर लावला, एकदम झकास. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे ओसरीवर आडवेतिडवे झोपलेले, आणि रात्री अडीचला असा काही आवाज झाला की वडील "सिलेंडर, सिलेंडर" करत उठले. ब्रिज उडून भिंतीपाशी पडला होता आणि त्याच्या पोटाला गिटारीच्या लाकडाचा हाताच्या पंजाएवढा ढलपा तसाच चिकटलेला. म्हणजे चिकटवलेलं सुटलं नाही असं नाही, अर्धं सुटलं आणि अर्ध्यानं लाकूडच फाडून नेलं. हळदीत मी टाळ वाजवले.

मामांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणले, "डिंक नाही लावलास तू, काच लावलीस." तेच आहे. ते वाळून काचेसारखं कडक होतं, सततची ओढ आणि झटका त्याला सोसत नाही, खाली फट असली तर ती भरत नाही. वर ते लाकडाच्या रेषांत असं मुरतं की नंतर चांगला वूड ग्लू लावला तरी तो धरत नाही, सगळं खरवडून कोरं लाकूड काढावं लागतं. मला खरवडायला अकरा संध्याकाळी लागल्या. मूळ काम दीड तासाचं होतं.

आता ते दीड तासाचं काम मी कसं करतो ते सांगतो. तारा ढिल्या करून काढायच्या. जुन्या चाकूचं नाहीतर पातळ पत्र्याचं पातं गरम करायचं आणि मागच्या कडेनं हळूहळू आत घालायचं, जोर लावायचा नाही, पातं थंड झालं की परत गरम करायचं, ब्रिज स्वतःहून सुटला पाहिजे. मग दोन्हीकडचा जुना डिंक पूर्ण काढायचा, ब्रिजखाली पॉलिशचा थर असेल तर तोही, कारण डिंक लाकडाला लाकूड धरतो, पॉलिशला नाही. त्यानंतर डिंक न लावता एकदा सगळे क्लॅम्प बसवून बघायचे. ही पायरी सगळे सोडतात आणि मग डिंक लावल्यावर कळतं की क्लॅम्प आतपर्यंत पोचतच नाही, मग हाताला डिंक, तोंडात शिव्या आणि घरभर धावपळ. साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, आत जाणारे लांब गळ्याचे क्लॅम्प मी एका वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतलेत. आतल्या बाजूनं लाकडी ठोकळा ठेवायचा, नाहीतर क्लॅम्प आतल्या पट्ट्या मोडतो. डिंक पिवळा वूड ग्लू, पातळ थर, बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा. चोवीस तास क्लॅम्प. मी त्यानंतर अजून दोन दिवस तारा लावत नाही. गरज नसते, मला माहितीये, पण मला ती हळद आठवते.

एम-सील लावून आणलेली गिटार मी घेतच नाही. म्हणजे घेतो, पण चार शब्द ऐकवून.

दुसरी चूक ट्रस रॉडची, म्हणजे गिटारीच्या मानेत, नेकमध्ये, घातलेल्या लोखंडी सळईची. तारा फ्रेटबोर्डपासून (जिथं बोटांनी तारा दाबतो ती पट्टी) उंच आहेत, बोटं दुखायलीत, की लगेच अॅलन की घेऊन रॉड फिरवायचा. अरे बाबा, ट्रस रॉड तारांची उंची कमी करायला नसतो, तो नेकचा बाक ठरवायला असतो. उंची मुख्यतः सॅडल (ब्रिजमधली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) आणि नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) यांच्यावर असते. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, नेक जिथं बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये फट किती ते बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर असली तर रॉडला हात लावायचं काहीच कारण नाही. ही फट डोळ्यानं सांगता येत नाही, मी मोटारसायकलच्या गॅरेजमधलं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, वापरतो, ज्यानं टॅपेट सेट करतात तेच, त्यात ०.२५ चं पातं असतं. मेकॅनिक पहिल्यांदा हसला होता, आता त्याचा पोरगा माझ्याकडं गिटार शिकायला येतो.

फिरवायचाच असला तर एकावेळी पाव फेरा, त्याआधी तारा थोड्या ढिल्या, घड्याळाच्या दिशेनं घट्ट म्हणजे नेक सरळ, उलट म्हणजे बाक जास्त. मग सूर लावायचा आणि रात्रभर ठेवायची. सेलूहून एक पोरगं आलं होतं, त्यानं चुकीच्या मापाची की घालून रॉडच्या पेचाचे सगळे कोपरे गोल करून टाकले होते आणि वर मलाच विचारतंय, "दादा, कामून फिरंना हे?" आता काय सांगावं. आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या स्वस्त गिटारींत फिरवता येणारा रॉड नसतोच, नेकमध्ये नुसती लोखंडी पट्टी असते, तिथं भोक शोधत बसू नका.

उंची कमी करायची तर सॅडल, ब्रिजमधली ती पांढरी पट्टी. खालून घासायची, वरून नाही, वरचा गोलवा मुद्दाम दिलेला असतो. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायचं असेल तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते, हा हिशोब पक्का. मी बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोनच्या आतबाहेर ठेवतो. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासली की तळ सपाट राहतो. पेन्सिलनं रेघ मारा, रेघेच्या अलीकडं थांबा, तारा लावून बघा, परत काढा. कंटाळवाणं आहे. एकदा जास्त घासली की नवीन आणायला परत संभाजीनगर नाहीतर ऑनलाइन.

नटच्या खाचा खोल झाल्या आणि मोकळी तार किरकिरायला लागली, तिथं मात्र फेविक्विकचा मान ठेवतो. खाचेत चिमूटभर खायचा सोडा आणि वर एकच थेंब, क्षणात दगड होतो, मग परत खाच कोरायची. तोंड लांब ठेवा, धूर डोळ्यात जातो. कोरायला गॅस वेल्डिंगचं टिप क्लीनर (बारीक खरखरीत तारांचा संच) चालतं, महागड्या फाइल्सच पाहिजेत असं काही नाही.

किरकिर कुठून येतीये ते न बघता काम सुरू करणं ही तर रोजचीच गोष्ट. मोकळी तारच किरकिरते तर आधी नट बघा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर किरकिरते तर नेक फार सरळ झालेली असू शकते. वरच्या, म्हणजे बॉडीजवळच्या, फ्रेटवर असेल तर सॅडल खाली गेलेली नाहीतर तिथला एखादा फ्रेट उठलेला. आणि सगळीकडंच कुठंतरी काहीतरी खुळखुळतंय तर बोटाच्या पेरानं पोटावर, पाठीवर टकटक करत फिरा, आतली सुटलेली पट्टी आवाजावरून सापडते. एकदा मी दोन दिवस शोधलं आणि शेवटी ट्यूनिंग कीचा एक स्क्रू ढिला निघाला. पैसे घेतले नाहीत, लाज वाटली.

नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीला स्टीलच्या तारा लावू नका. रुंद नेक, वर डोक्याला आरपार खिडक्या, ब्रिजला तार गुंडाळून गाठ मारलेली, अशी दिसली की नायलॉनच. तिची सगळी ओढ ४० किलोच्या आसपास असते, पोट फुगतं मग. "आवाज मोठा येतो" म्हणून लावणाऱ्यांना काय बोलायचं.

तेल. फ्रेटबोर्ड कोरडा दिसला म्हणून घरातलं तेल चोळणारे लोक. आपल्याकडं तर करडईचं तेल बऱ्याच घरांत. ते वाळताना चिकट होतं, त्यावर धूळ, त्यावर बोटाचा मळ, एकीचा फ्रेटबोर्ड मी साफ केला तेव्हा पापडाच्या पोळपाटासारखा थर निघाला. खोबरेल खवट होतं. वर्षातून एकदा मिनरल ऑइलचे चार थेंब, पुसून कोरडं, बास. फिकट रंगाच्या पॉलिश केलेल्या फ्रेटबोर्डला तेही नको.

यापेक्षा मोठा घोळ आपल्या हवेचा आणि कुलरचा आहे. एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापड. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन बोटाला ओरखडतात, पोटाला भेग पडते. आणि रात्री तीच गिटार कुलरसमोर, भिजलेली हवा थेट अंगावर. दिवसा आकसायचं, रात्री फुगायचं, कसं टिकेल ते लाकूड? भेग दिसली की लोक लगेच लांबी (पुट्टी) भरतात, मग जुलैत लाकूड फुगतं आणि भरलेली लांबी भेगेला अजून फाकवते. त्यापेक्षा साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत पिळून घेतलेला स्पंज, ती डबी गिटारीसोबत बंद केसमध्ये आठ-दहा दिवस. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत आली की बारीक भेग पुष्कळदा स्वतःच मिटत येते, मग डिंक आत जिरवायचा आणि आतल्या बाजूनं लाकडाचे छोटे तुकडे आडव्या रेषेत चिकटवायचे.

बाकी किरकोळ. तारा सुरात असताना पक्कडनं कचाकच तोडू नका, आधी ढिल्या करा. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे पुरे, दहा वेढे घातले म्हणून सूर जास्त टिकत नाही. फ्रेट घासताना लाकडावर मास्किंग टेप लावा. काढलेले स्क्रू वाटीत ठेवा, गादीवर नाही.

आत्ता माझ्या कपाटावर एक गिटार क्लॅम्पमध्ये पडलीये, ब्रिजचंच काम, मंगळवारी डिंक लावलाय. मालकाचा रोज फोन यायलाय, रविवारी कुणाच्यातरी साखरपुड्यात वाजवायचीये म्हणे. शुक्रवारच्या आत मिळणार नाही असं सांगून ठेवलंय, आणि फोन आता बायकोकडं दिलाय.