‘पिक अप’चा अर्थ पुढच्या शब्दात शोधा

‘पिक अप’ म्हणजे उचलणे, एवढंच धरून चाललं की घोळ होतो. कळंगुटला आमच्याकडे उतरलेला एक इंग्रज पाहुणा जेवणानंतर म्हणाला, “आय विल पिक अप द टॅब.” वाढणारा पोरगा टेबलाखाली त्याचा टॅबलेट शोधत बसला! पाहुणा बिचारा सगळ्यांचं बिल भरतो म्हणत होता.

तेव्हापासून मी आधी पुढचा शब्द पकडतो.

१. पुढे माणूस आला तर त्याला आणायला जाणे. मोपाच्या विमानतळावर गाडी घेऊन.
२. फोन आला तर घेणे.
३. भाषा किंवा सवय आली तर शिकवणीशिवाय, कानावर पडून शिकणे. “शी पिक्ड अप कोंकणी” म्हणजे बाजारात मासळी घेता घेता शिकली.
४. पुढे काहीच नसेल तर बहुधा वाढणे, सुधारणे. “द विंड इज पिकिंग अप” ऐकलं की आम्ही अंगणातल्या छत्र्या मिटतो. पावसाळा सरल्यावर “बिझनेस पिक्स अप”, तेही हेच.

वहीत सुटा अर्थ लिहू नका, ‘पिक अप द फोन’ अशी जोडीच लिहा.

एक जपा: ‘हिम’, ‘इट’ नेहमी मध्ये येतात. “पिक हिम अप” बरोबर, “पिक अप हिम” चूक.