लसूण ठेचा, मग दहा मिनिटं थांबा

लसणाची अख्खी पाकळी नाकाशी धरून बघा, फारसा वास येत नाही. तीच ठेचली की झणका नाकात शिरतो. हा झणका ॲलिसिन नावाच्या रसायनाचा. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. असतं ते ॲलिइन हे दुसरं रसायन, आणि वेगळ्या कप्प्यात ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम). ठेचल्यावर दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. १९४४ साली ते वेगळं काढून त्याचा जिवाणूरोधक गुण दाखवला गेला.

लसूण अख्खा किंवा ठेचल्या ठेचल्या गरम तेलात टाकला, तर उष्णतेने विकर निकामी होतं आणि ॲलिसिन पुरेसं तयार होत नाही. म्हणून ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा. नंतर शिजवताना थोडं ॲलिसिन जातंच, त्यामुळे शक्यतो शेवटी घाला. मला तर ही सवय लसणाच्या महागड्या गोळ्यांपेक्षा जास्त पटते.

ठेचलेला लसूण त्वचेवर मात्र बांधून ठेवू नका, खरोखर भाजल्यासारखे फोड येतात. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर जास्त कच्चा लसूण किंवा त्याच्या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.