मॉडेल आणि मोजमाप जुळत नाहीत? आधी या चुका तपासा

दर पावसाळ्यात आमच्या कॉलेजची पोरं गच्चीवर पर्जन्यमापक लावतात. दादरची जुनी इमारत, गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीला टेकून ठेवलेली प्लास्टिकची बाटली आणि तिच्या तोंडात किराणा दुकानातलं नरसाळं. दोन वर्षांपूर्वी जुलैत एक गट धावतच स्टाफरूममध्ये आला. "मॅडम, वेधशाळेचा आकडा चुकलाय! आपल्याकडे दुपटीहून जास्त पाऊस झालाय."

पट्टी घेऊन वर गेले. बाटलीत ९० मिलिमीटर पाणी होतं, त्यात खोट नव्हती. पण नरसाळ्याचं तोंड १२ सेंटिमीटर रुंद आणि बाटली ८ सेंटिमीटर. व्यासांचं गुणोत्तर दीड, म्हणजे क्षेत्रफळांचं सव्वादोन. मोठ्या तोंडाने गोळा केलेलं पाणी अरुंद बाटलीत उंच चढणारच. ९० ला २.२५ ने भागलं की ४० मिलिमीटर उरतात. शिवाय पोरांनी वाचन घेतलं होतं अकराला, कॉलेज भरल्यावर. वेधशाळेचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. वेधशाळा सुटली निर्दोष, आणि पोरांची तोंडं उतरली. खरं तर उतरायला नको होती. कारण याच जातीच्या चुका मोठमोठ्या प्रयोगशाळांतही होतात, फक्त तिथली नरसाळी महाग असतात.

मोजलेलं म्हणजे खरं, असं धरून चालणं

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक हीच. मॉडेल म्हणजे कुणाच्या तरी डोक्यातलं गणित आणि मोजमाप म्हणजे थेट निसर्गाचा आवाज, अशी वाटणी आपण मनात करून टाकतो. हवामानखात्याच्या रडारचं उदाहरण घ्या. रडार पाऊस मोजतच नाही. ते लहरी सोडतं आणि थेंबांवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी मोजतं. हा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. थेंब दुप्पट जाड झाला की प्रतिध्वनी चौसष्टपट होतो, पण त्यातलं पाणी आठपटच असतं. म्हणजे प्रतिध्वनीवरून मिलिमीटर काढायचे तर ढगातले थेंब साधारण कोणत्या मापाचे आहेत, हे आधी गृहीत धरावं लागतं. मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी १९४८ साली थेंबांच्या मापांचं जे गणित मांडलं, त्याच्याच वळणाची सूत्रं आजही वापरतात. मोबाइलवर दिसणारा तो लालपिवळा नकाशा 'मोजलेला' आहे खरा, पण त्याच्या पोटात एक मॉडेल बसलेलं आहे. म्हणून जमिनीवरचे पर्जन्यमापक लागतात, रडारचे कान पिळायला.

स्वस्त धूलिकण-सेन्सरांचंही तेच. ते प्रकाश किती विखुरतो हे बघतात. आपल्याकडच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्यालाच धूळ समजतो. आर्द्रतेची दुरुस्ती केली नाही तर खिडकीतला आकडा बघून उगाच घाबराल.

ठिपक्याची तुलना चौकोनाशी

२६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. कुलाब्याचाच आकडा हाती असता तर "बरा पाऊस झाला" म्हणून मोकळे झालो असतो. तेव्हा कुर्ल्यात, कलिन्यात माणसं गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती.

आता सांगा, मुंबईत किती पाऊस पडला? या प्रश्नाला एक उत्तरच नाही. मॉडेल नकाशाचे काही किलोमीटर रुंदीचे चौकोन करतं आणि एका चौकोनाला एक आकडा देतं. पर्जन्यमापक म्हणजे वीतभर रुंदीचं तोंड. मॉडेल म्हणालं ६० आणि तुमच्या गच्चीवर ११० पडले, तर दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. पण याच्या आडून मॉडेलला सरसकट माफीही देऊ नये. त्या दिवशीचा पाऊस बहुतेक अंदाजांच्या हाती लागला नव्हता आणि तो दोष चौकोनाच्या मापावर ढकलून संपत नाही.

शून्य कुठे आहे, हे न विचारणं

"आज ४.६ मीटरची भरती" अशी बातमी आली की कुणीतरी हमखास विचारतं, म्हणजे रस्त्यावर साडेचार मीटर पाणी? नाही हो. ते मीटर चार्ट डेटमपासून मोजलेले असतात, म्हणजे साधारण सगळ्यात खोल ओहोटीच्या पातळीपासून. रस्त्याच्या उंच्या मात्र समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. दोन्ही शून्यं वेगळी. ती एका पातळीवर न आणता वजाबाकी केली की पोरांच्या प्रोजेक्टमध्ये दादर चौपाटी कायमची बुडते.

भरतीचा तक्ता हा मॉडेल-मोजमापाच्या संसाराचा माझा लाडका नमुना आहे. अपोलो बंदरला १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते. अशा नोंदींतून चंद्रसूर्याच्या ओढीचे एकेक ताल वेगळे काढायचे आणि पुन्हा एकत्र करून पुढच्या वर्षाची भरती वर्तवायची. एकोणिसाव्या शतकात हे काम कप्प्या आणि दोऱ्यांच्या यंत्रावर चालायचं. वेळा मिनिटाच्या हिशेबाने मिळतात, म्हणून लोक विसरतात की तक्त्यात वारा आणि हवेचा दाब नसतो. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो, वरून वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो ते वेगळंच. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा तक्त्याला त्याची खबरही नव्हती.

विचित्र आकडा फेकणं, किंवा डोक्यावर घेणं

अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट १९८५ मध्ये जाहीर केली ती फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी, तिथल्या हॅली संशोधन तळावर, जमिनीवर ठेवलेल्या उपकरणाच्या जोरावर. वर उपग्रह फिरत होता आणि त्यानेही ते नीचांकी आकडे टिपले होते. पण अपेक्षेपेक्षा फारच कमी म्हणून त्यांच्यावर 'संशयित'चा शिक्का बसला होता.

उलटा किस्सा २०११ चा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्यासारखे दिसले. जगभर बोंब झाली, आइन्स्टाइन चुकला म्हणून. पुढे निघालं काय, तर फायबरची एक केबल नीट बसली नव्हती. त्या गटाला मी मात्र हसणार नाही. त्यांनी आकडा दडपला नाही आणि "आम्हाला चूक सापडत नाही, तुम्हीही तपासा" असं उघडपणे म्हटलं.

मग दोष कुणाचा, हे आधी कसं कळावं? कळत नाही, तपासावंच लागतं. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी गणित तसंच ठेवून एक अज्ञात ग्रह मांडला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सांगितल्या जागेपासून अंशभराच्या आत सापडला. बुधाची कक्षा चुकतेय म्हटल्यावर त्यांनी तोच डाव पुन्हा टाकला आणि सूर्याजवळ 'व्हल्कन' ग्रह मांडला. तो कधीच सापडला नाही. शतकाला ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ती तफावत १९१५ मध्ये सुटली आणि या खेपेला बदलावा लागला तो न्यूटनचा सिद्धांतच.

दोन आकड्यांची सरसकट सरासरी

कोविडच्या पहिल्या लाटेत सगळे नोंदलेल्या रुग्णांच्या आकड्यावर आलेख बसवत होते. पण तो आकडा साथीइतकाच चाचण्यांचाही होता. जुलै २०२० मध्ये पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी तीन वॉर्डांत रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत ती सापडली आणि इमारतींत सुमारे १६ टक्क्यांत. याची सरासरी काढून 'मुंबईकर' नावाचा एक माणूस बनवला तर तो धारावीतही राहत नाही आणि माटुंग्यातही. असं शहर मॉडेलमध्ये घालायचं तर निदान दोन कप्पे हवेत.

आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा

ज्या नोंदींवर मॉडेल जुळवलं त्याच नोंदींवर ते तपासून "९५ टक्के अचूक" म्हणू नका. काही वर्षं बाजूला ठेवा, मॉडेलला दाखवू नका. याहून जास्त सांगण्यासारखं नाही, तरी दरवर्षी अर्धा वर्ग यात सापडतो.

आता पोरं आकडे जुळत नाहीत म्हणून आली की मी चार गोष्टी विचारते. कशाचं मोजमाप? कुठल्या जागेचं आणि किती वेळाचं? शून्य कुठलं? दोन्हींत किती चूक धरलीय? निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी गच्चीवर जावं लागतं. यंदा वर तीन बाटल्या आहेत, तिन्हींची तोंडं बाटलीइतकीच रुंद. टाकीजवळची अजूनही बाकी दोघींपेक्षा कमी पाऊस दाखवते, पण रोज नाही. म्हणून पोरांनी गेल्या आठवड्यापासून वहीत वाऱ्याच्या दिशेचा एक रकाना वाढवलाय.