मत्स्यालयाच्या कंट्रोलरसाठी कनेक्टर निवडताना

समुद्री मत्स्यालय कंट्रोलरवर, म्हणजे सेन्सर वाचून पंप, हीटर, दिवे आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर, चालवणाऱ्यांचे लक्ष प्रोब (पाण्यात बुडवायचे सेन्सर), पंप आणि दिवे यांवर असते. तारा ज्यात जाऊन मिळतात तो कनेक्टर मात्र दुकानात हाती लागेल तो घेतला जातो. गोव्यातील मिरामार, कळंगुट किंवा बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत हा निष्काळजीपणा महागात पडतो, कारण तेथे हवेतच मीठ असते, पावसाळ्यात दमटपणा हटत नाही आणि टाकीतून उडणारे तुषार त्यात भर घालतात. म्हणून प्रत्येक तारेबाबत दोन प्रश्न विचारावेत: तिच्यातून काय वाहते, आणि ती चुकून दुसऱ्या जागी खुपसली तर काय होईल?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २३० व्होल्ट, कमी व्होल्टच्या पंपांचे १२ किंवा २४ व्होल्ट आणि सेन्सरचे ३.३ किंवा ५ व्होल्ट यांना एकाच आकाराचे कनेक्टर कधीही वापरू नयेत. चुकीची जोडणी मुळात बसताच कामा नये. तयार यंत्रणांतही सावध राहावे. नेपच्यून सिस्टीम्सच्या अ‍ॅपेक्स कंट्रोलरची अ‍ॅक्वाबस जोडणी (त्याला इतर मोड्यूल जोडण्याची) यूएसबीसारखी दिसते, परंतु तिला संगणक किंवा फोनचा चार्जर लावायचा नसतो. अशा तारेवर ठळक चिठ्ठी चिकटवावी.

हीटर आणि मुख्य पंप २३० व्होल्टवर चालतात. ३०० वॉटचा हीटर जेमतेम १.३ अँपिअर घेतो, तेव्हा येथे प्रश्न प्रवाहाचा नसून स्पर्शाचा असतो. भारतीय प्रमाणाचा ६ अँपिअरचा तीन पिनी प्लग, किंवा पॅनेलवर संगणकाच्या पॉवर केबलला असतो तसा १० अँपिअरचा सी १३ कनेक्टर पुरेसा होतो. वीज ज्या बाजूने येते त्या बाजूला नेहमी भोकांचा सॉकेट असावा, उघडी पिन नव्हे. या सर्किटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. त्यात काटकसर करू नये.

कमी व्होल्टच्या पंपांच्या १२ व २४ व्होल्टसाठी गोल डीसी जॅक सर्रास वापरला जातो. बाहेरून ५.५ मिलिमीटर असलेल्या या प्लगचे आतले भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटर असते. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर सैल बसतो, चालतोही, आणि पुढे संपर्क बिघडून तापतो. मोठ्या पंपांसाठी त्यामुळे आट्याने घट्ट होणारा जीएक्स १६ किंवा एम १२ घ्यावा. एम १२ ला सहसा आयपी ६७ संरक्षण असते, म्हणजे तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. परंतु हे संरक्षण दोन्ही भाग पूर्ण आवळलेले असतानाच लागू होते. मोकळ्या राहिलेल्या सॉकेटला टोपी लावावी. साध्या जीएक्स १६ ला असे संरक्षण आहे असे गृहीत धरू नये.

सर्वाधिक काळजी पीएच प्रोबच्या बीएनसी, म्हणजे फिरवून अडकवायच्या गोल धातूच्या, कनेक्टरची घ्यावी लागते. प्रोबमधून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो: २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट, आणि तोही शंभर मेगाओहमच्या आसपासच्या अंतर्गत रोधातून. कनेक्टरमध्ये ओलसर मिठाचा पापुद्रा जमून समांतर एक हजार मेगाओहमची गळती झाली, तर संकेत सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो आणि ८.२ ऐवजी ८.१ च्या आसपास आकडा दिसतो. आकडा सातकडे, म्हणजे संकेत शून्य असतो तिकडे, सरकू लागला की माणूस प्रोब बदलतो, आणि दोष कनेक्टरचा असतो. तेव्हा बीएनसी टाकीच्या कडेपासून दूर, कोरड्या पेटीत ठेवावा, आतील पांढऱ्या इन्सुलेशनला बोट लावू नये, आणि प्रोबची तार कापून त्यात टीव्हीची केबल जोडू नये.

तापमानासाठी वापरला जाणारा डीएस१८बी२० सेन्सर अनेकदा ३.५ मिलिमीटरच्या ऑडिओ जॅकवर येतो. हा जॅक आत सरकताना त्याची कडी क्षणभर भलत्या संपर्कांना टेकते आणि पुरवठा शॉर्ट होऊ शकतो. तो लावताना वा काढताना कंट्रोलर बंद ठेवावा. स्वतः जुळणी करत असल्यास तीन पिनी एम ८ (एम १२ चा लहान भाऊ) निवडणे चांगले.

पाण्याची पातळी ओळखणाऱ्या फ्लोट स्विचच्या बाबतीत पिनांवरील मुलामा महत्त्वाचा ठरतो. अत्यल्प प्रवाह गंजाचा पातळ थर भेदू शकत नाही, म्हणून तेथे सोन्याचा मुलामा असलेल्या पिना घ्याव्यात आणि जोडीच्या दोन्ही बाजूंना तोच मुलामा असावा. सोने आणि कथील एकमेकांना भिडवले तर खाऱ्या दमटपणात कथील झिजते. पाणी भरणाऱ्या पंपाचा स्विच असा जोडावा की पातळी खाली गेल्यावरच सर्किट पूर्ण होईल. मग कनेक्टर निसटला तर पंप बंद राहील, घरात पाणी वाहणार नाही.

जोडणी करताना कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार घ्यावी, कारण साध्या तारेत गंजाचा हिरवा थर इन्सुलेशनखाली आतपर्यंत पसरतो. पिन योग्य पक्कडीने क्रिंप करावी, म्हणजे तारेवर दाबून बसवावी, सांध्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी. पेटी टाकीच्या वर किंवा खालच्या कपाटात न लावता शेजारच्या भिंतीवर लावावी, तारा तिच्यात खालून न्याव्यात आणि त्याआधी प्रत्येक तारेला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब तेथूनच गळून पडेल.

शेवटी टाकी चालू असताना फ्लोट स्विचचा आणि कमी व्होल्टच्या पंपाचा एकेक कनेक्टर मुद्दाम उपसून पाहावा. जॅकवाला सेन्सर मात्र कंट्रोलर बंद करूनच काढावा आणि मग कंट्रोलर पुन्हा सुरू करावा. तापमानाचा सेन्सर गायब असताना हीटर चालूच राहत असेल, किंवा पंप थांबूनही इशारा मिळत नसेल, तर ती सेटिंग दुरुस्त होईपर्यंत घर बंद करून बाहेरगावी जाऊ नये.