चार कॅमेरे, एकच लॅन केबल
गेटवरच्या चार ॲनालॉग कॅमेऱ्यांसाठी चार कोॲक्स (केबल टीव्हीला असतात तशा) वायरी ओढू नका. कॅट-६ लॅन केबलमध्ये पिळाच्या चार जोड्या असतात. एका जोडीवर एक कॅमेरा.

१. कॅमेरा आणि डीव्हीआर (रेकॉर्डर), दोन्ही टोकांना व्हिडिओ बलून लावा, म्हणजे कॅमेऱ्याचा सिग्नल पिळाच्या जोडीवर चढवणारा-उतरवणारा छोटा जोड. कॅमेरा एचडी असेल तर बलूनही एचडीचाच.

२. निळी आणि पांढरी-निळी, अशी एकाच पिळातली जोडी घ्या. निळीसोबत नारिंगी जोडली की चित्रात रेघा. (मी जोडली होती. अर्धा दिवस कॅमेऱ्यालाच दोष देत बसलो.)

३. बलूनचे प्लस-मायनस दोन्हीकडे सारखेच. पीळ टोकाशी लागेल तेवढाच सोडा.

१२ व्होल्टचा ॲडाप्टर कॅमेऱ्याजवळच बसवा. आणि ही केबल २३० व्होल्टच्या वायरीसोबत एका पाइपात अजिबात घालू नका.